पंडितरावांचे तीन स्टार

पंडितराव नेरकरांचं मत नाही अशी वस्तू जळगावात अजून विकायला यायची होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून मतं देणं हाच त्यांनी धंदा मांडला होता. मिक्सर घेतला, मत लिहिलं. चपला घेतल्या, महिनाभर झिजवल्या आणि मग मत लिहिलं. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकापाशी, एका बोटाने आणि शुद्ध मराठीत. ऑनलाइन खरेदी करून पाच स्टार ठोकून नुसतं 'मस्त' लिहिणाऱ्या लोकांचा त्यांना मनस्वी संताप यायचा. "मस्त म्हणजे काय? गुलाबजाम मस्त असतो. वस्तूबद्दल बोला ना!" सुमनबाई म्हणायच्या, "ह्यांना स्वर्गात नेलं तरी आधी तिथल्या खाटेला स्टार देतील."

त्यांचं सगळ्यात गाजलेलं मत होतं मागच्या दिवाळीला घेतलेल्या होम थिएटरच्या रिसीव्हरवरचं. स्वस्तातला रिसीव्हर, त्याला पाच स्पीकर आणि एक वूफर. त्यावर पंडितरावांनी लिहिलं होतं: "गाणी गोड वाजतात. पण सिनेमातली माणसं काय बोलतात ते कळत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर चालतो, त्यापुढे तर मुळीच नाही. आवाज वाढवावा तर मारामारीच्या प्रसंगी भिंत हादरते. मागच्या स्पीकरच्या वायरी आखूड आहेत. रिमोट उभं राहून दाखवावा लागतो. किंमत पाहता तीन स्टार. ज्यांनी पाच दिले त्यांनी खोकं तरी उघडलं का, देव जाणे." खाली लोकांनी आभार मानले होते. ते आभार पंडितराव अधूनमधून पुन्हा वाचत.

घरात मात्र त्या रिसीव्हरचं कौतुक कुणालाच नव्हतं. सुमनबाईंना त्यावर धूळ बसते एवढंच दिसायचं. आणि मुलगी पुनम, सेट चालू झाला की गच्चीवर निघून जायची. कपडे वाळले असोत नसोत, ती काढायला जायची. दोन वर्षांपूर्वी ती धुळ्याहून, नवऱ्याच्या घरून, कायमची परत आली होती. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होती. पोरीला जुनी गाणी आवडत नाहीत, असं पंडितरावांनी ठरवून टाकलं होतं. तेही एक मतच.

धुळ्याबद्दल मात्र त्यांच्या तोंडात मिठाची गुळणी होती. जावई ललित पुनमवर हात उचलायचा. दुसऱ्यांदा कळलं तेव्हा पंडितराव स्वतः जाऊन तिला घेऊन आले. मग समाजातले वजनदार दगाजीआबा मध्ये पडले, गुपचूप फारकत झाली, आणि आबांनी दोन्ही घरांकडून शब्द घेतला, की कुणी कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पंडितरावांनी मूठ झाकली. त्याचं फळही आलं. चोपड्याचं एक चांगलं स्थळ पुनमसाठी दगाजीआबांनीच आणलं होतं, आणि ती मंडळी रविवारी बघायला येणार होती.

आणि शुक्रवारी तो फोन आला.

"मी मोतीलाल बोलतो, अमळनेरहून. तुम्ही त्या रिसीव्हरवर लिहिलंय ना भाऊ, ते वाचलं. आम्हालाही घ्यायचाय. उद्या येऊन ऐकलं तर चालेल का?"

पंडितराव फुलले. पण फोन ठेवल्यावर कसलीशी टोचणी लागली. स्वस्तातला रिसीव्हर ऐकायला कुणी अमळनेरहून रेल्वेने येतं का? आणि आपला नंबर मिळाला कुठून? त्यांनी शनिवारी सकाळी पाचही स्पीकर पुसले, वायरी नीट लावल्या, पुन्हा पुसले. चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. "बसा ना एका जागी," सुमनबाई म्हणाल्या. "रिसीव्हर बघायला येताहेत, मुलगी नाही."

मोतीलाल दुपारी आले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, पन्नाशी उलटलेली. खुर्चीच्या टोकावर बसले. सुमनबाईंनी चहा आणि केळीचे वेफर्स आणून ठेवले, पंडितरावांनी उभं राहून रिमोट दाखवला आणि गाणं सुरू केलं. पुनम गच्चीकडे गेली.

"आता हा मागचा स्पीकर ऐका," पंडितराव म्हणाले.

मोतीलाल मान डोलावत होते, पण मागच्या स्पीकरकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ते जिन्याकडे, पुनम गेली तिकडे बघत होते. गाणं पुरतं संपलंही नव्हतं, तेवढ्यात ते म्हणाले, "भाऊ, बंद करता का जरा?"

पंडितरावांनी बंद केलं. एकटा कूलर घरघरत राहिला.

"मी रिसीव्हरसाठी नाही आलो. खोटं बोललो, माफ करा." मोतीलालांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. बोलताना त्यांची भाषा घरच्या अहिराणी वळणावर गेली. "मनी पोर सोनल. तिले धुळानं स्थळ उनं शे. ललितनं. बठ्ठा म्हनतस, लोके चांगला शेतस. ज्याले इचारं तो हाईच सांगस. पण भाऊ, त्या घरमा तुमनी पोर राहेल शे."

सोनलला ललितचंच स्थळ आलं होतं, आणि ज्याला विचारावं तो माणसं चांगली आहेत म्हणून सांगत होता. पंडितराव समोरचा वेफर उगाच मोडत राहिले.

"तुमच्याकडे सरळ विचारायला यायची हिंमत होत नव्हती," मोतीलाल पुन्हा सावरून म्हणाले. "तुमचं नाव सोनलने मोबाईलवर शोधलं, तर हे रिसीव्हरचं सापडलं. तिने मला वाचून दाखवलं. म्हणाली, बाबा, सगळे पाच स्टार देताहेत आणि हा माणूस वायर आखूड आहे म्हणून सांगतो. हा खोटं बोलणार नाही. नंबर समाजाच्या डिरेक्टरीत होताच. म्हणून आलो."

पंडितरावांनी त्या पिशवीकडे पाहिलं. कारण अगदी असेच तेही पुनमच्या लग्नाआधी एकदा धुळ्याला गेले होते, पिशवी मांडीवर धरून. ललितच्या घराला भिंत लागून राहणाऱ्या माणसाला त्यांनी विचारलं होतं. तो माणूस हसून म्हणाला होता, "हौशी लोक आहेत हो. घरात सदा गाणी लावलेली असतात." तेवढ्यावर पंडितरावांचं अर्धं मत झालं होतं, आणि ललितच्या दिवाणखान्यातला भला थोरला साउंड सेट पाहून उरलेलं अर्धं. घरी येऊन ते सुमनबाईंना म्हणाले होते, "गाणं ऐकणारा माणूस वाईट नसतो." त्या शेजाऱ्याला त्यांनी आजवर माफ केलं नव्हतं. एक शब्द बोलला असता तर काय त्याच्या बापाचं जात होतं?

आता त्या शेजाऱ्याच्या खुर्चीत ते बसले होते. आणि जायचं होतं ते त्यांच्या पोरीचं जाणार होतं. इथे एक शब्द सुटला की तो संध्याकाळपर्यंत दगाजीआबांच्या ओट्यावर, आणि चोपड्याची मंडळी उद्या यायचीच नाहीत. दुसरेपणाच्या मुलीला अशी स्थळं काय रोज येतात?

"माणसं..." त्यांनी घसा खाकरला. "माणसं चांगली आहेत. आमचं जमलं नाही इतकंच. पत्रिकेचा दोष होता."

मोतीलालांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं, की पंडितरावांना ते बघवेना. "उपकार झाले भाऊ. आज रात्री कळवायचं होतं. जीव नुसता टांगणीला लागला होता." त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला, पुन्हा माफी मागितली आणि अमळनेरच्या गाडीसाठी रिक्षा धरून स्टेशनकडे गेले.

पंडितराव घरात फेऱ्या मारू लागले. दार ते कूलर, कूलर ते दार. आपण कुठे खोटं बोललो? पत्रिका खरंच जुळत नव्हती, एक-दोन गुण कमीच होते. आणि सुधारलाही असेल तो. माणूस सुधारत नाही का? मनाची अशी समजूत काढावी तर मन कसलं ऐकतंय! शेवटी त्यांनी सेट लावला आणि आवाज वाढवला. अजून वाढवला. भिंत हादरायला लागली तरी हातातला रिमोट खाली येईना.

पुनम आतून आली, सरळ भिंतीपाशी गेली आणि तिने प्लग उपटून टाकला. त्या सेटला तिने हात लावला, तो आज पहिल्यांदाच.

"तुम्ही गाणं बंद केलं म्हणून मी खाली यायला निघाले होते नाना," ती म्हणाली. "जिन्यातच होते. सगळं ऐकलं."

"बेटा, तुझ्याचसाठी... उद्या चोपड्याची..."

"ललित काय करायचा माहितीये?" उपटलेली वायर अजून तिच्या हातात होती. "आधी उठून सेट लावायचा. मग आवाज वाढवायचा. शेजाऱ्यांना माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. त्याचा हात रिमोटकडे गेला की मला कळायचं. सकाळी शेजारचे काका भिंतीवरून विचारायचे, काल गाणं छान होतं, कुठलं हो? आणि मी त्यांना गाण्याचं नाव सांगायचे."

पंडितरावांनी रिमोट खाली ठेवला. सदा गाणी लावलेली असतात. हौशी लोक आहेत. तो शेजारी बिचारा खोटं बोललाच नव्हता. त्याने जे ऐकलं तेच सांगितलं होतं. आणि दिवाळीपासून आपण या घरात, या पोरीच्या डोक्यावर, रोज संध्याकाळी तोच आवाज वाढवत आलो. आणि वर म्हणत आलो, हिला गाण्याची आवड नाही.

"तू सांगितलं का नाहीस गं?" त्यांना रडूच आलं.

"तुम्हाला एवढीच एक हौस राहिली होती," पुनम म्हणाली. मग डोळे पुसून तिने सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "नाना, रिमोट उभं राहून दाखवावा लागतो म्हणून तुम्ही एक स्टार कापलात. ललितचा एकही नाही कापला?"

"आणि चोपडा?" सुमनबाई स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाल्या. 

"जाऊ दे ना चोपडा, आई. सोनलला गाण्यांची नावं पाठ करायला लावून मला नाही लग्न करायचं."

पंडितरावांनी मोबाईल घेतला. मोतीलालांना फोन लावला, तो उचलला गेला नाही. पुन्हा लावला. मग चप्पल पायात सरकवत पुनमला म्हणाले, "स्कूटीची चावी घे."

जळगावच्या फलाटावर अमळनेरवरून जाणारी सुरतकडची गाडी लागत होती. मोतीलाल पिशवी छातीशी धरून डब्याच्या रेट्यात शिरले होते. वरच्या भोंग्यातून गाडीचं नाव पुन्हा पुन्हा पुकारलं जात होतं, एकदा मराठीत, एकदा हिंदीत, आणि त्यात इंजिनाचा आवाज मिसळला होता.

"मोतीलालभाऊ!" पंडितराव धापा टाकत पोहोचले, मागोमाग पुनम. "मी मघाशी जे बोललो ते..."

"काय?" मोतीलालांनी कानाशी हात नेला.

"ललितबद्दल! ते खरं नाही!"

"ऐकू येत नाही भाऊ! फोन करा रात्री!" त्यांनी डब्याच्या दांड्याला हात घातला.

पंडितरावांनी त्यांचा दुसरा हात धरला. आणि साठ वर्षांत ते कधी ओरडले नसतील असे, शुद्ध मराठी विसरून, पोटातून ओरडले.

"तो मारस! पोरले मारस तो!"

भोंगा नेमका तेवढ्यात थांबला होता. 'मारस तो' सगळ्या फलाटाने ऐकलं. लोकांनी माना वळवल्या. पाण्याच्या नळापाशी समाजातलं एक ओळखीचं जोडपं उभं होतं, त्यातल्या बाईने तोंडावर पदर धरला. म्हणजे दगाजीआबांकडे बातमी दिवे लागायच्या आत पोहोचणार होती. पंडितरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज मुळीच खाली न आणता पुन्हा सांगितलं, "मारतो तो. माझ्या पोरीला मारत होता. मघाशी मी खोटं बोललो."

मोतीलालांचा हात दांड्यावरून सुटला. मागच्या माणसांनी त्यांना बाजूला सारलं आणि गाडी त्यांना न घेताच निघाली. ते बाकावर बसले.  मग त्यांनी मोबाईल काढला. 

"हे मी तिला कसं सांगू?" ते म्हणाले. "मघाशीच फोन करून सांगितलंय, की सगळं चांगलं आहे म्हणून. पोरगी हसली हो माझी."

"लावा फोन. मी बोलते," पुनम म्हणाली.

तिने फोन स्पीकरवर टाकला, सोनलच्या बापाला ऐकू यावं म्हणून. "सोनल, मी पुनम. ललितच्या घरी राहून आलेली. तुझे बाबा इथेच आहेत माझ्याजवळ. तुला जे विचारायचंय ते मला विचार."

 पलीकडून एक कोवळा, लाजरा आवाज आला. "ताई, त्यांच्याकडे गाणी फार लावतात म्हणे? मला गाण्याची खूप आवड आहे."

पुनमने डोळे मिटले. पंडितरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हो, लावतात," पुनम म्हणाली. "का लावतात, ते सांगते तुला."