ताईच्या आवाजाचं वय

शिफ्ट इन्चार्जची जागा शेवटी मावशीला मिळाली. मावशी आमच्या कंपनीत नोकरीला नाही.

ही दोन वाक्यं तुम्ही वाचलेली नाहीत. मीही लिहिलेली नाहीत. जागा रिकामी आहे, ताईला ती हवी आहे आणि सगळं सुरळीत होणार आहे, असं धरून चालू.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढते. दुसरा धंदा जास्त चालतो. अडकलेल्या माणसानं आतलं लाल बटण दाबलं की तळघरातल्या आमच्या खोलीत घंटा वाजते आणि ताई बोलते. मग मी, म्हणजे तिचा धाकटा भाऊ आणि कंपनीचा मेकॅनिक, मोटरसायकल काढतो. मी पोचेपर्यंत आतल्या लोकांना शांत ठेवायचं, दार उचकटू द्यायचं नाही, हे ताईचं काम. बंद पडलेली लिफ्ट कोणाचं काही वाकडं करत नाही. दार उचकटून दोन मजल्यांच्या मधे उडी मारायला गेलात, तर मात्र लिफ्टचाही नाइलाज होतो.

ताई एकतीस वर्षांची आहे. माझ्यापेक्षा चार बोटं उंच. आवाज मात्र सात वर्षांचा. तो तिथंच थांबला आणि बाकीची ताई पुढं निघून गेली. ऑफिसात तिला शिट्टी म्हणतात.

"नमस्कार, कंट्रोल रूममधून बोलतेय. घाबरू नका," ताई म्हणते.

"बाळा," लिफ्टमधून उत्तर येतं, "घरात मोठं कोणी आहे का?"

आणि असं म्हणून ते दार उचकटायला घेतात.

एकदा कोणीतरी तक्रार केली, की ही कंपनी लहान मुलांना कामाला जुंपते. चौकशी अधिकाऱ्याचा फोन आला.

"साहेब, मी एकतीस वर्षांची आहे," ताई म्हणाली.

"असं सांगायला तुला कोणी शिकवलं, बेटा?" अधिकारी हळुवारपणे म्हणाले.

मग ते स्वतः आले. ताईला बघितलं, तिच्याशी बोलले आणि तरीही जाताना कपाट उघडून आत कोणी नाही ना याची खात्री करून गेले.

मालक आठव्या मजल्यावर बसतात. आमच्याशी सगळा कारभार फोनवर. ताईचं वय त्यांना ठाऊक होतं, पण डोक्याला ठाऊक असलेली गोष्ट कानाच्या गळी कोण उतरवणार?

"इन्चार्ज व्हायचंय?" ते फोनवर हसले. "अगं, लोक तुझं ऐकत नाहीत."

"ऐकतात, साहेब. मनावर घेत नाहीत."

"बरं, आठवडाभर बघू. एकानंही दाराला हात लावता कामा नये. जमलं तर जागा तुझी. आता फोन ठेव आणि वेळेवर जेव हं."

तेव्हा ताईला मावशी आठवली.

मावशीचा आवाज म्हणजे रिकाम्या टाकीत कोणी दगड गडगडवावेत. बँकवाले फोनवर तिला 'सर' म्हणतात. "अहो, मी बाई आहे," असं ती म्हणाली की ते "सॉरी सर" म्हणतात. आणि खरं सांगायचं तर मावशीइतकं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. झुरळ दिसलं की ती खुर्चीवर चढून किंचाळते आणि शेजारपाजारचे समजतात, आज कोणाची तरी धडगत नाही. लिफ्टमध्ये तिनं जन्मात पाऊल ठेवलेलं नाही. जिन्यावरही तिचा पूर्ण विश्वास नाही.

"अगं, पण मला लिफ्टमधलं काय कळतंय?" मावशी गरजली. ती कुजबुजत होती.

"कळायला नकोच आहे. मी कानात सांगेन ते माइकवर बोलायचं. शब्दाला शब्द."

"आणि मला भीती वाटली तर?"

"तर गप्प बस. तू गप्प बसलीस तरी लोकांना घाम फुटतो."

मावशी आली, ताईच्या शेजारी बसली, एका हातानं माइक आणि दुसऱ्या हातानं ताईचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "दारापासून लांब उभे राहा."

पलीकडून लष्करात येते तशी शांतता आली. मग कोणीतरी म्हणालं, "हो, सर."

त्या आठवड्यात दाराला कोणी बोट लावलं नाही. मी पोचायचो तेव्हा माणसं रांगेत उभी. सुटल्यावर ती मालकांना फोन करून कंट्रोल रूममधल्या भारदस्त गृहस्थांची तारीफ करायची. एका लिफ्टमध्ये तर सहा वकील होते आणि सहाच्या सहा जणांनी काळ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"साहेबांची सूचना," सगळ्यांत ज्येष्ठ वकील म्हणाले. "काहीतरी तांत्रिक कारण असणार."

परत येऊन विचारलं तर ताई कपाळाला हात लावून बसलेली. तिनं मावशीच्या कानात सांगितलं होतं, "बाही वर घे, चहात बुडतेय." मावशीनं शब्दाला शब्द सांगितलं. चहाबद्दल एकाही वकिलानं शंका काढली नाही.

मग आला शेवटचा दिवस. संध्याकाळी सुटायची वेळ झाली, ताई खूश, मावशी पर्स आवरतेय आणि घंटा वाजली. समोरच्या फळ्यावर दिवा लागला तो आमच्याच इमारतीचा.

"मी मालक बोलतोय!" फळ्यावरचा स्पीकर ओरडला. "मधेच थांबलीय! दिवे गेलेत! त्या भारदस्त गृहस्थांना द्या फोन! मी दार उघडतोय!"

ताईनं मावशीकडं बघितलं. खुर्ची रिकामी होती. मावशी टेबलाखाली होती.

"मालक आहेत गं," टेबलाखालून गडगडाट झाला. "मला पकडतील! मी इथं नोकरीला नाही!"

"मावशी, एक वाक्य!"

"जीभच उचलत नाही गं!"

मी हत्यारांची पिशवी घेऊन जिन्यानं पळालो. लिफ्ट पाचव्या मजल्याच्या जरा खाली लटकली होती. बाहेरून मला दोन आवाज स्पष्ट येत होते. एक मालकांच्या नखांचा, दाराच्या फटीत. दुसरा ताईचा, तिचा स्वतःचा, सात वर्षांचा.

"साहेब, दाराला हात लावू नका. मीच बोलतेय."

नखं थांबली.

"तू? एकटीच? आणि ते साहेब?"

"ते... येऊ शकत नाहीत."

"अरे देवा," मालक म्हणाले आणि त्यांचा सूर एकदम बदलला. "घाबरलीस का बाळा?"

मला वाटतं, गेल्या दहा वर्षांत ऐकलेले सगळे 'बाळा' ताईनं त्या क्षणात मोजून घेतले. मग ती म्हणाली,

"हो, काका. खूप. तुम्ही दाराशी गेलात की मला जास्तच भीती वाटते."

"नाही जात! हा बघ, लांब झालो."

"खाली बसा ना."

"बसलो. रडायचं नाही हं. काका आहेत ना? गोष्ट सांगू?"

मी अडसर काढत होतो आणि आत, अंधारात, ज्या माणसाच्या नुसत्या खोकल्यानं आठवा मजला उभा राहतो, तो माणूस एका घाबरलेल्या सशाची गोष्ट सांगत होता. ससा शेवटी शूर निघाला. मालकांचा श्वासही हळूहळू ताळ्यावर आला. तेवढ्यात स्पीकरमधून मावशीचा हुंदका ऐकू आला. इमारत हलल्यासारखी वाटली.

"बघ, साहेब आले!" मालक आनंदानं म्हणाले. "कसे कामाला लागलेत! आता दोघांनीही काळजी करायची नाही."

दार उघडलं. मालक माझ्या खांद्यावरून चढून बाहेर आले आणि थेट तळघरात गेले. आयुष्यात पहिल्यांदाच, तेही जिन्यानं. मी मागोमाग.

तिथं ताई उभी होती, पूर्ण उंचीची. आणि टेबलाखालून मावशी निघत होती.

"माफ करा," मावशी म्हणाली. "मी काहीच केलं नाही."

मालकांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. समोर बाई बघून त्यांना थोडाही धक्का बसला नाही. आवाज ओळखीचा होता, तेवढं पुरलं.

"केवढा हा विनय!" ते म्हणाले. "उद्यापासून इन्चार्ज तुम्ही."

"साहेब," ताई म्हणाली, "दाराला कोणी हात लावला नाही. जागा माझी ठरली होती."

मालकांनी तिच्याकडं मान वर करून बघितलं, खिशातून चॉकलेट काढलं आणि तिला दिलं. "शूर आहेस हं तू."

मावशीनं जन्मात एकदा धीर केला. ती गरजली, "जागा हिलाच द्या!"

"किती मोठं मन!" मालक म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. जागा मावशीचीच राहिली.

मावशी रोज येते, आठव्या मजल्यावरून फोन आला की टेबलाखाली जाते आणि बाहेर आली की माइकवर शब्दाला शब्द बोलते. ताईला चॉकलेट मिळत राहतं. ती ते मला देत नाही.

सबब, मालक हे ताईचं म्हणणं फक्त बंद लिफ्टमध्ये, अंधारात, खाली बसून ऐकतात ही बाब लक्षात घेऊन, त्यांना दर सोमवारी कार्यालयीन वेळेत दोन मजल्यांच्या मधे अर्धा तास अडकवून ठेवण्याची परवानगी खुद्द मालकांच्याच सहीनं मला मिळावी, ही नम्र विनंती.