अकरा तासांचा दाखला

आमच्या बंदरात टपालबोट यायची त्या दिवशी शाळा लवकर सुटायची, हे आता सांगितलं तर नातवंडं हसतात. महिन्यातून एकदा टेकडीवरच्या खांबावर निळं निशाण चढे आणि बेकरीवाला भट्टी तशीच सोडून धक्क्याकडे पळे. सगळ्यांचे डोळे बोटीकडे. माझे घड्याळाकडे. टपालाची पहिली थैली पोस्टाचा उंबरठा ओलांडेल ती वेळ कागदावर लिहायची आणि खाली सही करायची, हे माझं काम होतं. पोस्टमास्तर असलेले माझे वडील वारल्यावर सरकारनं मला तात्पुरतं त्यांच्या खुर्चीवर बसवलं होतं. मागच्या दोन खोल्यांत मी आणि अंथरुणाला खिळलेली आई. नोकरी गेली की खोल्याही जाणार.

त्या सहीला वजन होतं. बोटकंपनी आणि आमच्या वसाहतीचं सरकार यांच्यातल्या करारात लिहिलं होतं, उशिराच्या दर तासाला चार पौंड कापायचे. बोट कुणाचा जीव वाचवायला थांबली असेल तर तेवढे तास माफ. पण त्याला बंदरावरच्या पोस्टाचा दाखला हवा.

जुलै म्हणजे आमच्याकडे भर हिवाळा, आणि त्या वर्षी हाडं गोठवणारी थंडी होती. पहाटे पाचला यायची बोट दुपारी चारला आली. कॅप्टन टेगार्टनी पहिल्या होडीतून थैल्या नाही, माणसं उतरवली. लाकडं नेणारं एक गलबत भूशिराजवळ उलटलं होतं. लाटांत घिरट्या घालून त्यांनी चौघांना वर काढलं होतं, मेरानिया नावाची, इथल्या मूळच्या माओरी लोकांतली एक बाई आणि तिचे तीन भाचे. बाईचे दात वाजत होते. मी धावत जाऊन वडिलांचा पितळी बटणांचा कोट आणला आणि तिच्या अंगावर घातला.

“कॅप्टन, थैल्या?” मी विचारलं.

“आधी तिला शेकोटीपाशी ने, पोरी. थैल्यांना सर्दी होत नाही.”

मी वेळ लिहिली, चार वाजून वीस मिनिटं. उशिराच्या कारणाचा रकाना सकाळी भरू म्हणून मोकळा ठेवला. सकाळी मेरानिया भाच्यांना घेऊन, कोटासकट, किनाऱ्यानं आपल्या गावी चालत निघून गेली. आणि दुपारच्या घोडागाडीनं राजधानीहून मिस्टर प्रिंगल आले. करार नवा करायची बोलणी सरकारतर्फे तेच करत होते.

त्यांनी चहा घेतला, मी भाजलेल्या स्कोनच्या छोट्या पावाला लोणी लावलं आणि मोकळ्या रकान्यावर बोट ठेवलं.

“इथं काय लिहिणार?”

“खरं तेच, साहेब. माणसं वाचवायला थांबले होते.”

“गलबत बुडताना तुम्ही पाहिलंत?”

“नाही, पण ती माणसं...”

“मग न पाहिलेलं लिहायचं कशाला? हे बघा, कंपनी वर्षाला चाळीस हजार मागते आहे. तीसच्या वर आमची ऐपत नाही. दंडाचे चव्वेचाळीस पौंड कोण मोजतंय? पण ‘तुमची बोट अकरा तास उशिरा येते’ एवढं म्हणायला मिळालं, की त्यांचा आवाज खाली येईल.” त्यांनी बोटं पुसली. “तुमची जागा कायम करायचा कागदही माझ्याच टेबलावर आहे. बाईमाणसाला द्यायची म्हटलं की दहा जण आडवे येतात.”

आत आई खोकत होती. मी लिहिलं, ‘उशिराचं कारण या कचेरीस माहीत नाही.’

धक्क्यावर निम्मा गाव होता. सगळ्यांनी पाहिलं होतं. पण करार पोस्टाचाच कागद मानत होता, आणि बोटीचे पैसे आमच्याच करातून जात होते. “बरं केलंस, टेम्पी,” बेकरीवाला म्हणाला. “कंपनीची चरबी उतरायलाच हवी होती.” त्या दिवशी त्यानं पावाचे पैसे घेतले नाहीत. तो पाव मी खाल्ला.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी, मेरानिया कोट घेऊन आली. स्वच्छ धुतलेला, वर धुरावलेल्या मासळीची टोपली.

“ऊबदार आहे गं तुझ्या बापाचा कोट. कॅप्टनना सांग, माझी भाचरं रोज त्यांचं नाव घेतात.”

ती बाहेर पडली आणि दुसऱ्या बाजूनं कंपनीचा एजंट आत आला. मी कोट पटकन टेबलाखाली ढकलला.

“मिस हॉस्किन, शुक्रवारी शेवटची बोलणी आहेत. गलबतावरच्या त्या लोकांपैकी एक जरी साक्षीला मिळाला तर तुम्हाला दाखला दुरुस्त करता येईल, दंड टळेल, कॅप्टनची नोकरी वाचेल. कुठं राहतात काही ठाऊक आहे?”

खिडकीतून रस्त्यावर मेरानियाची पाठ दिसत होती. हाक मारली असती तर ती वळली असती.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

शुक्रवारची तार मीच उतरवून घेतली. एकतीस हजारांवर सह्या झाल्या होत्या. पुढच्या थैलीत माझ्या नेमणुकीचं पत्र आलं. त्याच थैलीतून आलेल्या वर्तमानपत्रात कॅप्टन टेगार्टना बोटीवरून काढल्याची चार ओळींची बातमी होती.

त्याच बोटीनं ते साधे प्रवासी म्हणून आले होते; ती सुटण्यापूर्वी बायकोला पत्र टाकायला पोस्टात आले. कोट आईनं आग्रहानं पुन्हा कचेरीतल्या खुंटीवर लावायला लावला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले.

“परत आला वाटतं.”

मला गप्प राहता आलं असतं. पण निरोप त्यांचा होता. “मेरानियानं सांगितलंय, तिची भाचरं रोज तुमचं नाव घेतात.”

“कधी सांगितलं?”

“मंगळवारी. बोलणी झाली त्याच्या आधीच्या.”

त्यांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं. मी घाईनं म्हटलं, “तिकिटाचे राहू द्या, कॅप्टन.”

“टपालाचे पैसे द्यावे लागतात, मिस हॉस्किन.” त्यांनी सहा पेन्सचं नाणं ठेवलं. या वेळी ‘पोरी’ म्हणाले नाहीत.

दारापाशी त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, ज्याच्यावरून मी दाखले लिही त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांचं दोन मिनिटं मागे होतं. त्यांनी ते माझ्या घड्याळाप्रमाणे लावलं आणि निघून गेले.