बिनमाईकचा फोन

रुद्रेशच्या हाताला उदगिरात तोड नव्हती, आणि हे सांगणारा पहिला माणूस रुद्रेशच होता. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. हौदात बुडालेले, ट्रॅक्टरखाली गेलेले, म्हशीनं तुडवलेले फोन त्याच्याकडं यायचे आणि बोलते होऊन जायचे. केसाएवढी तार जोडायची म्हटलं की मोठमोठे इंजिनियर माझ्यापुढं मागं सरतील, असं तो चहा पिता पिता गिऱ्हाइकांना ऐकवायचा. हातात कला होती, खोटं कशाला बोला. बाकीच्या गोष्टींत अक्कल किती होती, ते पुढं कळंलच.

बहीण एकच, शिवानी. बाप गेल्यावर रुद्रेशनंच तिचं लग्न लावून दिलं, नांदेडच्या मल्लेशशी. मल्लेशचं तिथं मेडिकलचं दुकान. माणूस निर्व्यसनी, हळू बोलणारा, कपाळाला विभूती, सासूच्या पाया पडल्याशिवाय चहाच्या कपाला हात न लावणारा. जावई मिळावा तर असा, हे शांतम्मा, म्हणजे ह्या दोघांची आई, गल्लीभर सांगून आली होती. लग्नात त्यानं बायकोला नवाकोरा फोन दिला. पहिलं वर्ष शिवानीचे पाय जमिनीवर नव्हते. शेजारच्या चतुराबाईजवळ दुपारी नुसतं म्हणावं की कवठाची चटणी खावी वाटायलीय, आणि संध्याकाळी नवऱ्यानं पिशवीतून कवठ काढावं. न बोलता ओळखतात गं अव्वा, असं ती आईला सांगायची आणि शांतम्माचे डोळे भरून यायचे.

मग तो दुसऱ्याही गोष्टी ओळखायला लागला. सासू जेवताना टोचून बोलते, हे शिवानीनं चतुराबाईला सांगितलं, तर रात्रीच्या ताटावर त्यानं तेच वाक्य शब्दाला शब्द म्हणून दाखवलं, अगदी हळू आवाजात, भाकरी मोडता मोडता. उदगिरातल्या कितीतरी लिंगायत घरांतल्यासारखं ह्या मायलेकी आपसात कानडीत बोलायच्या. मल्लेशला कानडीचं अक्षर येत नाही. एक दिवस त्यानं बायकोला सांगितलं की आईशी आता मराठीत बोलत जा, कानडीतलं माझ्या काहीच लक्षात येत नाही. ती आईशी बोलायची तेव्हा तो दुकानात असायचा. त्याच्या लक्षात यायचा प्रश्न आला कुठून? त्या दिवसापासून शिवानी घरात बोलायचीच कमी झाली. भांडी घासतानासुद्धा ती आवाज होऊ द्यायची नाही, असं चतुराबाईनं नंतर सांगितलं.

नागपंचमीला ती माहेरी आली. दुसऱ्या दिवशी तिनं फोन गादीवर ठेवला, भावाला परसातल्या धुण्याच्या दगडापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. रुद्रेश आधी हसला. तुला भास व्हायलेत म्हणाला. पण आत जाऊन त्यानं फोन बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. फोनचा माईक चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटतो. इथं कुणाशी बोलणं नव्हतं, फोन एकटा गादीवर पडलेला, आणि ठिपका पेटलेला. आत धुंडाळल्यावर एक ॲप सापडलं, नाव साळसूद, काम चोराचं. घरात पडलेला शब्दन् शब्द ते उचलून मल्लेशच्या फोनवर पोचवत होतं.

फोन तसाच ठेवून तो परसात परत आला. शिवानी दगडावर बसून होती. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं.

"अण्णा," ती म्हणाली, "मला इथंच राहू दे."

आता सरळ डोक्याच्या माणसानं काय केलं असतं? फोन आडात फेकला असता आणि बहिणीला घरात ठेवून घेतलं असतं. पण नाही. शांतम्माचं म्हणणं पडलं की पंचमीला आलेली पोरगी परत गेली नाही तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही, दिवाळीला मठाच्या जंगमस्वामींना मधे घालू, चार मोठी माणसं बसवू, तोवर कळ काढ. रुद्रेशनंही मान डोलावली. खरं सांगायचं तर त्याचं आईकडं लक्षच नव्हतं. त्याच्या डोक्यात फोन घुसला होता. ॲप काढलं तर मल्लेशला त्याच घडीला कळणार. पण माईकच काढला तर? ॲप आपलं जागच्या जागी आणि नवरोबा तिकडं कान लावून शांतता ऐकत बसलेला. ही युक्ती सुचली आणि रुद्रेश खुलला. समोर बहीण रडत होती, आणि हा शहाणा खुलला.

सकाळी दुकानाचं शटर अर्धं पाडून त्यानं काम केलं. माईक दोन, एक खाली चार्जिंगच्या पट्टीवर, दुसरा वर कॅमेऱ्याजवळ. गरम हवा देऊन दोन्ही चिमट्यानं उचलले, खालची जागा पुसून अशी लख्ख केली की तिथं कधी काही होतं असं वाटू नये. ऐकण्याला धक्का नाही, फक्त बोललेलं पुढं जाणार नाही. बोलायचं असेल तेव्हा वायरचा इअरफोन लावायचा, त्याला त्याचा स्वतःचा माईक असतो, आणि ते ॲप फोनच्या पोटातल्याच माईकचं ऐकतं. काम झालं की इअरफोन कपाटात साड्यांच्या खाली. नवऱ्यानं विचारलं तर फोन माहेरी हौदात पडला म्हणायचं. हे सगळं त्यानं तिला दोनदा समजावून सांगितलं. शिवानीनं ऐकून घेतलं. राहू दे म्हणून ती पुन्हा बोलली नाही. पिशवी भरून नांदेडच्या गाडीत जाऊन बसली.

पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. दुपारी गच्चीवर जाऊन, वायर लावून ती आईशी कानडीत बोलायची. एकदा तर हसलीसुद्धा. मल्लेशनं हौदाची गोष्ट ऐकून घेतली आणि दुरुस्त करून आणू म्हणाला. पार्ट हैदराबादहून यायचाय, मीच बसवून देतो, असा निरोप रुद्रेशनं धाडला. मल्लेशनं मान हलवली म्हणे. आपण जिंकलो असं रुद्रेशला वाटलं.

पोळ्याच्या आदल्या बाजाराला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खेड्यापाड्यांतून माणूस आलेलं, प्रत्येकाचा फोन काही ना काही आजाराचा. दुपारी शिवानीचा फोन आला. रुद्रेशनं उचलला. पलीकडं काही नाही. दिवसातून वीस माणसं त्याच्याकडं हीच तक्रार घेऊन यायची, माझा आवाज जाईना म्हणून. त्याच्या तोंडात उत्तर तयारच असायचं. वायर लाव आधी, असं सांगून त्यानं फोन ठेवला. मिनिटभरात पुन्हा फोन. आता तो चिडला. किती वेळा सांगायचं तुला, इथं गर्दी हाय, वायर लावून मग बोल, असं म्हणून त्यानं तोडला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा समोर संगप्पा उभा होता, देवणी गावचं जुनं गिऱ्हाईक. रुद्रेशनं फोन उचलून कानाला न लावता तसाच हातात धरला आणि संगप्पाला ऐटीत सांगितलं की आमची बहीण हाय, तिच्या फोनला माईकच नाही, ही आपलीच करामत, कुणाच्या बापाला कळायचं नाही. दोघं हसले. मग फोन आपोआप बंद झाला आणि परत वाजला नाही.

दिवेलागणीला चतुराबाईचा फोन आला. ती रडत होती. निघून या एवढंच तिला धड सांगता आलं. जीप करून रुद्रेश आणि शांतम्मा निघाले.

नांदेडच्या दवाखान्यात शिवानी पलंगावर होती. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डावा डोळा सुजून बंद. शेजारच्यांनी पोलीस बोलावले होते, मल्लेशला नेलं होतं. शांतम्मा पायाशी बसून पोरीचे पाय चोळायला लागली. शिवानीनं थांबत थांबत सांगितलं. मल्लेश आज स्वतःच फोन घेऊन नांदेडातल्या एका दुरुस्तीवाल्याकडं गेला होता. त्या दुरुस्तीवाल्यानं फोन उघडला आणि कौतुकानं सांगितलं की ह्यात पाण्याचा थेंब गेलेला नाही, कुठं गंज नाही, डाग नाही, कुणीतरी जाणत्यानं माईक काढलाय, हात लई साफ हाय त्याचा. भर दुपारी मल्लेश घरी आला. फोन तिच्यापुढं ठेवला, दुरुस्तीवाल्याचं बोलणं शब्दाला शब्द ऐकवलं आणि हा हात कुणाचा, असं हळूच विचारलं. त्याचं ते हळू बोलणं तिला माहीत होतं. फोन उचलून ती न्हाणीत पळाली आणि आतून कडी लावली.

न्हाणीची कडी ढिली. एका हातानं ती दाबून धरायची, अंगानं दार रेटायचं, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं जो पहिला नंबर दिसेल तो लावायचा. पहिला नंबर भावाचा होता. इअरफोन कपाटात, साड्यांच्या खाली. आवाज जाणार नाही हे तिला माहीत होतं. पण भरदुपारी वायर न लावता बहीण फोन करतीय म्हटल्यावर अण्णाला समजंल, असं तिला वाटलं.

पलंगाची पट्टी धरून रुद्रेश सांगत सुटला, की बाजाराचा दिवस होता, गर्दी होती, तिकडून काहीच येत नव्हतं, त्याला कसं कळणार. बोलता बोलता त्याचं त्यालाच कसंतरी झालं, पण तोंड थांबेना.

"मला तुझा आवाज ऐकूच येत नव्हता शिवानी," तो म्हणाला.

"मला येत होता," ती म्हणाली. "पहिल्यांदा वायर लाव म्हणालास. दुसऱ्यांदा चिडलास. तिसऱ्यांदा त्या माणसाला करामत सांगून हसलास. मग मी कडी सोडली."