माठाचं कौतुक

पोलीस ठाण्याचं नाव नको, उगाच बोभाटा. परभणी जिल्ह्यात आहे, एवढं पुरे.

तिथले हवालदार सुग्रीवराव दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. एकतीस वर्षांत त्यांना कधी शिक्षा झाली नव्हती, आणि शाबासकीही मिळाली नव्हती. कुणीतरी कागदावर एक चांगली ओळ लिहावी आणि ती आपण घरी बायकोला, पार्वतीबाईंना, वाचून दाखवावी, एवढीच त्यांची हौस उरली होती.

अशात पत्र आलं. पोलिसांबाहेरची स्वतंत्र तपासणी समिती बुधवारी येणार. नोंदवह्या बघणार, आणि कोठडीत जो असेल त्याच्याशी एकांतात बोलणार. त्या वेळी पोलिसांनी जवळपास फिरकायचं नाही.

सुग्रीवराव कामाला लागले. कोठडीला चुना दिला, मानवतच्या बाजारातून माठ आणला, कुरकुरणारा पंखा दुरुस्त करून घेतला. बुधवार उजाडला आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की कोठडी रिकामी आहे! एकोणीस दिवसांत गावात साधी मारामारी नाही. आता माठाचं कौतुक करायचं कुणी? त्यांना गावाचा मनापासून राग आला.

समोर योगीराजचं चहाचं हॉटेल होतं.

“योगीराज, तासभर आत बसतो का? खोटं काईच बोलायचं न्हाई. पाणी गार हाय, पंखा चालतो, एवढंच सांगायचं.”

“बसतो की. तुमच्यासाठी एवढं न्हाई करणार का?”

योगीराज आत जाऊन भिंतीला टेकला. काम चोख व्हावं म्हणून सुग्रीवरावांनी बाहेरून कुलूपही घातलं.

साडेअकराला समिती आली. प्रमुख होत्या नर्मदाबाई, निवृत्त न्यायाधीश. सोबत एक डॉक्टर. वह्या चाळून झाल्यावर बाईंनी सगळ्या पोलिसांना बाहेर काढलं आणि गजांपाशी खुर्ची ओढली. सुग्रीवराव कोठडीच्या खिडकीखालच्या झाडांना पाणी घालू लागले. आजवर त्यांनी त्या झाडांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

“पाणी मिळतं?”

“लय गार.”

सुग्रीवरावांची छाती फुगली.

“गुन्हा काय?”

“काईच न्हाई.”

“मग आत कसे?”

“हवालदार म्हणले बस, बसलो.”

“काही तक्रार?”

योगीराजला खोटं बोलायचं नव्हतं. “चहा न्हाई मिळाला. ठाण्यात चहा मीच आणतो, अन् मीच आत.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “हवालदार, आत या!”

सुग्रीवराव पाण्याचा डबा घेऊनच आत गेले. वहीत एकोणीस दिवसांत एकही अटक नाही, आणि कुलपाआड गुन्हा नसलेला माणूस. नर्मदाबाईंनी वही पुढे धरली. “याला का डांबलंय?”

दंगा करत होता, नोंद करायची राहिली, एवढं म्हटलं की सुग्रीवराव सुटत होते. पण पाठीला चुना लागलेला योगीराज त्यांच्याकडे बघून भाबडेपणानं हसत होता. त्याच्यावर बालंट आणायला जीभ वळेना.

“मॅडम, त्याचा काई दोष न्हाई. कोठडी चांगली केली होती, ती दाखवायची होती. सांगायला आत कुणीच नव्हतं, म्हणून मीच त्याला बसवलं.”

डॉक्टर हसू दाबत भिंतीकडे वळले. नर्मदाबाई हसल्या नाहीत.

“कुलूप काढा. आणि हे असंच्या असं स्टेशन डायरीत लिहा. अहो, रिकामी कोठडी दाखवली असती तर काही वाईट लिहायला जागाच नव्हती.”

महिन्याभरानं अहवालाचा मसुदा आला. काही चुकीचं लिहिलं असल्यास पंधरा दिवसांत कळवा, असं वर पत्र. सुग्रीवरावांनी एक प्रत घरी नेली आणि वरच्या ओळींवर अंगठा घट्ट दाबून पार्वतीबाईंपुढे धरली. खालच्या ओळी तेवढ्या दिसत होत्या:

“कोठडी स्वच्छ, पाणी गार. विचारल्यावर हवालदारांनी स्वतःला वाचवण्यासाठी खोटे सांगितले नाही.”

“आवं, अंगठा काढा की.”

अंगठा निघाला. “निरपराध नागरिकास विनानोंद कुलूपबंद ठेवल्याचे आढळले. गंभीर बाब.”

पार्वतीबाईंनी त्या ओळींवर बोट ठेवलं. “यात चूक काई हाय का?”

“न्हाई,” सुग्रीवराव म्हणाले. “तसंच कळवणार हाय.”

“मग वाचा मोठ्यानं. वरपासून.”

सुग्रीवरावांनी घसा खाकरला आणि वरपासून वाचलं.