गणपतीच्या उंदराची जप्ती

श्यामराव दांडेकर खिदिरपूरच्या गोदीत परदेशातून येणारी लाकडं नि रोपं तपासायचे. एखादी कीड देशात शिरू नये म्हणून सरकारने नेमलेला हा माणूस इतका कडक, की बेहालाच्या बाजारातली वांगीसुद्धा भिंगातून बघून घ्यायचा.

त्र्याहत्तर साली गणपतीला त्यांची मेहुणी लीना बॉस्टनहून आली होती. कुमारटोलीच्या मूर्तिकारांकडून मूर्ती आणताना टॅक्सीला हिसका बसला आणि देवाचा उंदीर फुटला. लीना हौशी. तिने मातीचा नवा उंदीर वळला, वर मऊ, बदामी लव चिकटवली.

संध्याकाळी श्यामराव गोदीतून आले, देवापुढे वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"कंबर धरली का?" त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंनी विचारलं.

"भिंग आण." भिंगातून पाहून ते ताठ झाले. "लीना, ही लव कुठली?"

"आमच्या बॉस्टनच्या अंगणातल्या ओकच्या झाडावरची. मखमलच जशी! शोभेला म्हणून सालीचा तुकडाच आणला."

"मखमल नाही ही. जिप्सी मॉथ नावाच्या पतंगाची अंडी आहेत. या उंदरावर तीन-चारशे सुरवंट निजलेत!"

पाहुणे यायला लागले होते. कालिंदीबाई कुजबुजल्या, "अहो, ऐन आरतीला देवाचा उंदीर जप्त करणार? लोक काय म्हणतील?"

"आणि झाडांचे खराटे झाले म्हणजे?"

लीनाचा चेहरा पडला होता. मग ती एकदम म्हणाली, "भाऊजी, जूनमध्ये आमच्या रस्त्यावरची झाडं बोडकी होतात, ती यांच्यामुळेच?"

"यांच्यामुळेच."

तिने स्वतःच उंदीर उचलला. "चला, उकळू या."

"मोदकपात्रात नाही हं!" कालिंदीबाई ओरडल्या. शेवटी कपडे उकळायचं जुनं पातेलं निघालं.

पण पाहुण्यांपैकी बँकेतले श्रीकांत लिमये आडवे आले. "आधी बघू तरी द्या!" मग भिंगासाठी रांगच लागली. श्यामराव खुलले. अंडी कशी, सुरवंट कसे, पानं कशी फस्त होतात, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं बोलणं इतक्या माणसांनी कधी ऐकलं नव्हतं.

उंदीर आणि साल दोन्ही खळखळ उकळली. तोवर कालिंदीबाईंनी उकडीचा उंदीर केला, मिऱ्यांचे डोळे लावले. आरतीला आठ वाजले. सुरात कधीच न गाणाऱ्या श्यामरावांनी त्या दिवशी सगळ्यांवर आवाज चढवून आरती म्हटली, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.