उजवी बाही

धाकटी लेक गप्प बसली की शिंप्याच्या जिवाला घोर लागायचा. दर दोन टाक्यांनी तो मान वळवून बघे, मशीन थांबवे, पुन्हा सुरू करे. दीड वर्षापूर्वी त्याच्याच सायकलवरून नऊ वर्षांची ही पोर पडली आणि डोकं दगडावर आपटलं. जखम भरली, पण मेंदूला मार बसला तो बसलाच. सांगितलेलं विसरायची, क्षणात भडकायची. डॉक्टर म्हणाले होते, "नियम लावा, कामं द्या." या शहाण्याने बरोब्बर उलटं केलं. चूक आपली, मग पोरीला रागवायचं कोणत्या तोंडाने? तिने वाट विसरू नये म्हणून कापड आखायच्या खडूने त्याने घरभर बाण काढून ठेवले होते. पोरीला काही विचारायलाही उरलं नाही.

पाचला गिऱ्हाईक कोट न्यायला येणार होतं. चारच्या सुमारास आतून कात्रीचा आवाज आला. तो धावला. कोटाची उजवी बाही कोपरापर्यंत चिरली होती आणि धाकटी कापडाकडे नाही, त्याच्याकडे बघत होती.

"असू दे हं, बाळा. हाताला लागलं नाही ना?"

"परवा ताईने सुई हरवली तर घर डोक्यावर घेतलंत. मी मुद्दाम कापलंय, बाबा."

"तुला बरं नाही ना, राणी."

"मी काय पाहुणी आहे इथे?" ती किंचाळली.

हे मात्र शिंप्याच्या वर्मी लागलं.

"अक्कल चरायला गेली होती का?" तो ओरडला. "आठ दिवसांची मेहनत माझी!"

धाकटीने भोकाड पसरलं. पण त्याने शब्द मागे घेतला नाही. थोरलीला गिऱ्हाइकाकडे पिटाळलं, कोट परवा मिळेल म्हणून सांगायला.

"बस इथे. ही बाही उसव. एकेक टाका. घाई केलीस तर याद राख!"

नाक पुसत ती बसली. तिसऱ्या टाक्याला हात थांबला. काय करायचं होतं, तेच विसरली. कोट काढून घ्यायला त्याचा हात पुढे झाला. त्याने तो मांडीखाली दाबून धरला.

"उसवायचंय," तो दटावून म्हणाला.

"उसवतेय ना! सारखं काय ओरडता?" धाकटी फणकारली, अगदी थोरली फणकारते तशी.