पेटीवरची कोमट लाख

"मोहोर नुसती डोळ्यांनी बघायची नाही, बोटानं चाचपायची," असं आमच्या जुन्या हेडक्लार्कबाई मला बजावायच्या.

शहरातले बसचे मार्ग आता कंत्राटावर जायचे होते. निविदांची पेटी काल संध्याकाळी माझ्यासमोरच लाख लावून बंद झाली. तिच्यात एक पाकीट एका बड्या कंपनीचं आणि एक ड्रायव्हरांच्या स्वतःच्या सोसायटीचं होतं. माझा धाकटा दीर त्या सोसायटीतला. सकाळी तो म्हणाला, "वहिनी, हरलो तर हरलो. पण खरंच हरलो का, एवढं सांगशील?"

"सांगेन," मी म्हटलं.

पेटी उघडायला सगळे जमले. बाकीच्यांचे डोळे पेटीला चिकटलेले, बड्या कंपनीचा माणूस मात्र निवांत मोबाइल बघत होता. मी लाखेवर बोट टेकवलं. ती कोमट लागली आणि नखाचा ठसा उमटला.

"काय बाई, पेटीला ताप आलाय का?" साहेबांनी थट्टा केली. सगळे हसले.

"आलाय, साहेब," मी त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल इतकं हळू म्हटलं.

त्यांचं हसू मावळलं. "उन्हानं झालं असेल," ते पुटपुटले. त्या खोलीला खिडकीच नव्हती.

पाकिटं उघडली. कंपनीचा दर सोसायटीपेक्षा अगदी किंचित कमी निघाला. साहेबांनी साक्षीदाराच्या सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही न करताच पेनाला टोपण लावलं, दाराशी चपला पायात सरकवल्या आणि खाली आगारात दिराला शोधायला निघाले.